थायरॉइडच्या गोळीचं माप

१९१९ साली इंग्लंडच्या ईशान्य भागातली एक बाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी हृदय निकामी होऊन वारली. तिचे डॉक्टर जॉर्ज रेडमेन मरे यांनी पुढच्या वर्षी तिची हकिगत छापली आणि सोबत एक हिशोबही दिला. शेवटच्या अठ्ठावीस वर्षांत या बाईने नऊ पाइंट, म्हणजे सुमारे पाच लिटर थायरॉइडचा अर्क घेतला होता. तो काढायला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. १८९१ मध्ये ती मरे यांच्याकडे आली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. चेहरा आणि हात सुजलेले, बोलणं जड आणि संथ, त्वचा कोरडी, थंडी अजिबात सोसत नाही आणि घराबाहेर पडायची इच्छा उरलेली नाही, अशी तिची स्थिती होती. तोवर या आजाराचे रोगी हळूहळू विझत जात. ही बाई मात्र हिंडूफिरू लागली आणि म्हातारी होऊन गेली.

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या आजच्या असंख्य मराठी घरांतला उपचार या बाईपासून सुरू होतो. त्यांच्यातल्या काही जणांना छळणारा प्रश्नही जवळजवळ तितकाच जुना आहे. गोळी नियमित चालू आहे, तरी मरगळ जात नाही, केस गळतात, वजन हलत नाही. मग डोस कमी पडतोय का? कमी पडतोय हे कोणी ठरवायचं, घेणाऱ्याच्या अंगाने की प्रयोगशाळेच्या कागदाने? गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाची उत्तरं अनेकदा बदलली आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणाला ना कोणाला मोजावी लागली.

आजाराची ओळख पटायलाच वेळ लागला. १८७३ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलचे विल्यम गल यांनी प्रौढ बायकांमध्ये दिसणाऱ्या या सुजेचं आणि मंदपणाचं वर्णन केलं. काही वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी त्याला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. कारण मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. ते कळलं स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेही वेगळ्याच वाटेने. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गळगंडाच्या शस्त्रक्रियेत इतके निष्णात होते की त्यांच्या हाताखालचे रोगी सहसा दगावत नसत. रोगी जगले, म्हणूनच पुढे त्यांचं काय झालं हे पाहता आलं. १८८३ मध्ये कोखर यांनी जुने रुग्ण परत बोलावून तपासले. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी जे अठरा जण तपासायला मिळाले, त्यांतल्या सोळा जणांना तीच सूज, तोच मंदपणा, तोच थंडावा ग्रासून होता. कोखर यांनी हे सगळं उघडपणे छापलं आणि साध्या गळगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांचे दुष्परिणाम मोजून जगापुढे ठेवण्याचं त्यांचं हे धैर्य या साऱ्या इतिहासात फार मोलाचं आहे.

१८८३ मध्येच लंडनच्या एका सभेत फेलिक्स सेमन यांनी सुचवलं की मिक्सिडीमा, ग्रंथी काढल्यानंतरची दशा आणि मुलांमधलं क्रेटिनिझम या तिन्हींचं मूळ एकच आहे: थायरॉइडचं काम बंद पडणं. त्या सभेत फारसं कोणी मानलं नाही. समिती नेमली गेली आणि १८८८ मध्ये तिच्या अहवालाने सेमन यांचं म्हणणं खरं ठरवलं. ग्रंथीच नसेल तर दुसऱ्याची ग्रंथी बसवावी, असा विचार मग पुढे आला. १८९० मध्ये लिस्बनच्या दोन डॉक्टरांनी मेंढीची थायरॉइड एका रोगी बाईच्या कातडीखाली बसवली. तिला दुसऱ्याच दिवसापासून बरं वाटू लागलं. इतक्या लवकर कलम रुजणं शक्य नव्हतं. म्हणजे गुण ग्रंथीतल्या रसाचा होता.

मरे यांनी यातून सरळ निष्कर्ष काढला: रसच टोचून द्यावा. ते तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. न्यूकॅसलच्या वैद्यकीय मंडळींपुढे त्यांनी हा विचार मांडला तेव्हा एका ज्येष्ठाने त्याची टर उडवली. मरे यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीची ग्रंथी आणली, तिचे तुकडे करून ग्लिसरीन आणि कार्बोलिक आम्लाच्या पाण्यात ठेवले, मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या तलम रुमालातून ते पिळून घेतले. जो गढूळ गुलाबी द्रव निघाला, तेच औषध. काही महिन्यांत बाईची सूज उतरली, बोलणं सुटं झालं, चालताना थकवा येईनासा झाला.

हा अर्क किती द्यायचा, हे ठरवायला रोग्याकडे पाहण्यापलीकडे काहीच साधन नव्हतं. सूज उतरली का, नाडी किती चालते, वजन किती घटलं, रोगी स्वतः काय सांगतो, एवढाच आधार. अर्कही दर वेळी सारखा नसे, कारण मेंढी वेगळी, ग्रंथी वेगळी. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, लंडनच्या हेक्टर मॅकेंझी यांनी आणि प्लिमथच्या एडवर्ड फॉक्स यांनी दाखवून दिलं की टोचायची गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्स यांचा डोस असा होता: मेंढीची अर्धी थायरॉइड हलकी परतून, बारीक करून, आठवड्यातून एकदा मनुक्यांसारख्या लहान फळांच्या जेलीबरोबर खायची. आजच्या पंचवीस मायक्रोग्रॅमच्या गोळीपासून हे फार दूर वाटतं, पण उपचार तोच आहे.

मग वाळवलेल्या ग्रंथींची भुकटी आली आणि तिच्या गोळ्या झाल्या. डुकरं आणि गुरं कापणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ग्रंथी फुकटात मिळत. शिकागोच्या ज्या आर्मर कंपनीचं नाव या गोळ्यांना कायमचं चिकटलं, तिचा मूळ धंदा मांसाचाच होता. डोस ग्रेनमध्ये सांगितला जाई. १८९५-९६ मध्ये यूजेन बाउमान यांना ग्रंथीत आयोडीन सापडलं, तेव्हापासून भुकटीची ताकद तिच्यातल्या आयोडीनवरून ठरू लागली. ही मोजणी फसवी होती, कारण सगळं आयोडीन संप्रेरकात नसतं. आयोडीनचं प्रमाण बरोबर आणि गुण मात्र नाही, असा मालही बाजारात येऊ शकत होता आणि येतही होता. गोळीवरचा आकडा तोच राहायचा, रोग्याला मात्र दर बाटलीला वेगळं वाटायचं.

जास्त दिल्याचे परिणामही लवकरच दिसले. वर्षानुवर्षं मंद चाललेल्या म्हाताऱ्या हृदयाला एकदम गती मिळाली की छातीत कळा येत आणि काही रोगी त्यातच जात. वृद्धांना अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू चढवायचं, हा नियम तेव्हाच्या मृत्यूंनी शिकवला आणि तो आजही पाळला जातो. दुसरीकडे हीच भुकटी वजन उतरवायचा उपाय म्हणून खपू लागली. धडधड, हातांचा कंप आणि झोप उडणं ही त्याची किंमत होती.

मोजायचं पहिलं खरं साधन बर्लिनमधून आलं. १८९५ मध्ये अडोल्फ मॅग्नस-लेवी यांनी दाखवलं की थायरॉइड कमी असलेल्यांचं शरीर विश्रांतीतही कमी प्राणवायू वापरतं आणि ग्रंथी दिली की तो वापर वाढतो. पहिल्या महायुद्धानंतर ‘बेसल मेटाबॉलिक रेट’ मोजायची यंत्रं इस्पितळांत पोचली. रोग्याने रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी शांत पडून नाक बंद करून नळीतून श्वास घ्यायचा. यंत्रावरची रेघ प्राणवायूचा वापर दाखवी. ठरलेल्या सरासरीपेक्षा तीस-चाळीस टक्क्यांनी आकडा खाली आला की थायरॉइडचा दोष ठरे. पण घाबरलेल्या माणसाचा आकडा वाढे, उपासमार झालेल्याचा घटे, आणि सौम्य आजार तर या चाळणीतून निसटूनच जाई. उलट नुसता थकवा असलेल्या, थायरॉइड धडधाकट असलेल्या कित्येकांचा आकडा थोडा खाली येई आणि त्यांना आयुष्यभराची भुकटी लागे.

अमेरिकेत ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ मध्ये त्याहून सोपी कसोटी सुचवली. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी काखेत थर्मामीटर ठेवायचा आणि तापमान ठरावीक रेषेखाली असेल तर थायरॉइड कमी समजायचा. ही कसोटी विश्वासार्ह नाही, कारण तापमान थायरॉइडखेरीज कितीतरी गोष्टींनी बदलतं. तरी ती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं सांगून परत पाठवलेल्या माणसाला आपल्या हाताने घेता येईल असं काहीतरी मोजमाप हवं असतं. त्या गरजेला तुच्छ लेखण्यात काहीही शहाणपण नाही.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ ग्रंथीतला नेमका पदार्थ शोधत होते. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी तो स्फटिकरूपात वेगळा केला आणि त्याला थायरॉक्सिन म्हटलं. नंतर तीन टन ग्रंथींपासून त्यांना अवघे ३३ ग्रॅम थायरॉक्सिन मिळालं. असं औषध कोणाला परवडणार? लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना उलगडली आणि पुढच्या वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत बनवलं. पण शुद्ध थायरॉक्सिन पोटातून नीट शोषलं जाईना. सोडियमचा क्षार बनवल्यावर, १९४९ च्या सुमारास, ही अडचण सुटली आणि १९५० च्या दशकात लिव्होथायरॉक्सिन सोडियमच्या गोळ्या बाजारात आल्या. त्यातली ग्लॅक्सोच्या ‘एल्ट्रॉक्सिन’ची बाटली भारतातल्या कित्येक कपाटांत अजूनही उभी आहे.

१९५२ मध्ये लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना रक्तात दुसरं संप्रेरक सापडलं. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू, म्हणून ते टी-फोर. या नव्यात तीन, म्हणून टी-थ्री. ते जास्त जोरदार आणि लवकर काम करणारं होतं. साहजिकच शंका आली की नुसतं टी-फोर देणं अपुरं तर नाही? दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्याही निघाल्या. १९७० मध्ये लुईस ब्रेव्हरमन, सिडनी इंगबार आणि केनेथ स्टर्लिंग यांनी दाखवलं की ग्रंथी अजिबात नसलेल्या माणसाचं शरीरही टी-फोरपासून स्वतःच टी-थ्री बनवतं. मिश्रणाची गरज संपली असं डॉक्टरांना वाटलं आणि त्या काळी जगभर उपचार एका गोळीवर आला.

त्याच सुमारास मोजण्याचं साधनही बदललं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून रक्तातलं इन्शुलिन मोजायची रीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस शोधली होती. यालो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. हीच रीत १९६५ मध्ये टीएसएच मोजायला वापरली गेली. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते, जास्त झालं की सोडणं थांबवते. ही जाणीव विलक्षण तल्लख आहे. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या आसपास चढू शकतं. रोग्याच्या शरीरानेच आपला हिशोब ठेवलेला होता आणि आता तो वाचता येऊ लागला.

मुंबईचाही या कामात वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला, टाटा मेमोरियलच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. थायरॉइडचे रोगी तिथे दूरदूरहून किरणोत्सारी आयोडीनच्या तपासणीला आणि उपचाराला येत राहिले. पुढे नवी मुंबईतून अणुऊर्जा खात्याच्या ‘ब्रिट’ने टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच मोजायचे संच देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवले. आज गल्लीतल्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी मिळणारा कागद या मागच्या कष्टांवर उभा आहे.

टीएसएचने पहिला धक्का डॉक्टरांनाच दिला. तोवर रोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन देण्याची सर्रास पद्धत होती. टीएसएच मोजल्यावर कळलं की बहुतेकांना १०० ते १५० पुरतात. ग्रंथी पूर्ण निकामी असेल तर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, हा आजचा ढोबळ हिशोब तिथूनच येतो. वर्षानुवर्षं दुप्पट डोस घेणाऱ्यांना ‘तुमची गोळी कमी करायची आहे’ असं सांगितलं गेलं. काहींना फरक पडला नाही. काहींनी सांगितलं की पूर्वीची तरतरी गेली. कागदावरचा आकडा आणि अंगातली जाणीव यांच्यातला आज ऐकू येणारा तंटा इथून सुरू झाला.

डोस उतरवण्यामागचं कारण मात्र पक्कं होतं. १९८० च्या दशकात टीएसएचच्या इतक्या सूक्ष्म चाचण्या आल्या की ते किती दाबलं गेलंय हेही मोजता येऊ लागलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातून समजलं की साठीपुढच्या माणसांत टीएसएच फार खाली असेल, तर पुढच्या दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका जवळपास तिप्पट होतो. त्यातून पक्षाघात येऊ शकतो. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही जास्त डोसने झिजतात. हे दुखणं वर्षानुवर्षं गप्प राहतं, म्हणून थोडी जास्त गोळी घेणाऱ्याला आज बरं वाटत असलं तरी धोका कमी होत नाही.

मग डोस थोडा वाढवून दिला तर बरं वाटतं का? हा प्रश्न कसोशीने तपासला गेला. १९८० च्या दशकातल्या एका छोट्या ब्रिटिश पाहणीत रोग्यांनी टीएसएच नॉर्मल ठेवणाऱ्या डोसपेक्षा सुमारे ५० मायक्रोग्रॅम जास्त पसंत केले होते. पण तिथे कोणता डोस चालू आहे हे लपवलेलं नव्हतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जॉन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी ५६ जणांना कमी, मध्यम आणि जास्त अशा डोसच्या गोळ्या आळीपाळीने दिल्या. कोणती कधी हे रोग्यालाही माहीत नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. थकवा, मन:स्थिती आणि पसंती यांत फरक दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत मेरी सॅम्युएल्स यांनी १३८ जणांवर असाच प्रयोग केला. लोकांना आपला डोस बदललाय की नाही हे ओळखता आलं नाही, मात्र जो आपल्याला ‘वाढलेला’ वाटला तोच त्यांनी पसंत केला. यावरून ‘सगळं मनाचे खेळ’ असं म्हणणारे चुकतात. नॉर्मल पट्ट्याच्या आत डोस थोडासा वरखाली करून थकवा जात नाही, एवढंच हे प्रयोग सिद्ध करतात. थकवा खोटा आहे असं त्यांत कुठेही नाही.

थकवा खराच असू शकतो याचे पुरावेही जमत गेले. माद्रिदमध्ये गॅब्रिएला मोरेआले दे एस्कोबार यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं की ग्रंथी काढलेल्या उंदरांना नुसतं टी-फोर दिलं तर सगळ्या अवयवांत संप्रेरकाचं प्रमाण एकाच वेळी पूर्ववत होत नाही. २०११ मध्ये सिसिलीतल्या संशोधकांनी ग्रंथी काढलेल्या १,८११ रोग्यांचं रक्त तपासलं. टीएसएच नॉर्मल असूनही वीस टक्क्यांहून अधिकांची टी-थ्री किंवा टी-फोरची पातळी नॉर्मलच्या बाहेर होती. पिट्युटरी समाधानी असली म्हणजे बाकीचं शरीरही समाधानी असेल, हे गृहीत प्रत्येकाच्या बाबतीत खरं नसावं.

म्हणून मिश्रणाचा विचार परत आला. १९९९ मध्ये लिथुआनियातल्या ३३ रोग्यांच्या टी-फोरमधले ५० मायक्रोग्रॅम काढून त्याजागी १२.५ मायक्रोग्रॅम टी-थ्री दिलं गेलं आणि त्यांची मन:स्थिती व स्मरण सुधारल्याचं दिसलं. वैद्यकीय जगात खळबळ उडाली. पण नंतरच्या प्रयोगांत ते टिकलं नाही. २००६ मध्ये अकरा प्रयोगांतल्या १,२१६ रोग्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर फरक आढळला नाही. तरीही एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. २०१३ मध्ये अमेरिकेत सत्तर जणांना जुनी डुकराची भुकटी आणि आजची गोळी आळीपाळीने, न सांगता दिली गेली. ४९ टक्क्यांनी भुकटी पसंत केली, १९ टक्क्यांनी गोळी, उरलेल्यांना दोन्ही सारख्याच. लक्षणांच्या मोजणीत मात्र दोन्ही सारख्याच ठरल्या. युरोपच्या मार्गदर्शक सूचना आज म्हणतात की बाकी सगळं तपासून झाल्यावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरता मिश्रणाचा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. ही भूमिका प्रामाणिक आहे.

गोळीतलं औषध तेच ठेवून बाकीचं बदललं तर काय होतं, हे दोन देशांनी पाहिलं. २००७ मध्ये न्यूझीलंडमध्ये एल्ट्रॉक्सिनची कृती बदलली. औषध तेच होतं, भरण मात्र वेगळं. आधीच्या तीस वर्षांत या गोळीबद्दल अवघ्या चौदा तक्रारी नोंदल्या होत्या, त्या दीड वर्षात चौदाशेच्या पुढे गेल्या. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये ‘लेव्होथायरॉक्स’मधली दुग्धशर्करा काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं गेलं. ही गोळी घेणारे तीस लाखांच्या आसपास होते. हजारो तक्रारी आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, जुनी गोळी काही काळ परत आणावी लागली. काही तक्रारी धास्तीने वाढल्या असतील. पण रोज, आयुष्यभर घेतलेल्या गोळीत लोकांना न समजावता बदल करणं ही चूकच होती. मायक्रोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या औषधात थोडाही फरक जाणवू शकतो, म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये नियम केला की मुदत संपेपर्यंत गोळीत लिहिलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असलंच पाहिजे.

भारतात थायरॉइडचं नाव दीर्घकाळ गळगंडाशी बांधलेलं होतं. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गळगंड घटतो हे सिद्ध केलं. त्या कामाच्या अंतिम अहवालावर एम. जी. करमरकर हे मराठी नावही आहे. गळगंड मागे पडला आणि पुढचं चित्र वेगळंच निघालं. २०१३ मध्ये छापलेल्या आठ शहरांच्या पाहणीत ५,३७६ प्रौढांचं रक्त तपासलं होतं. त्या ठिकाणांत मुंबई आणि गोवाही होते. जवळपास अकरा टक्क्यांना थायरॉइड कमी असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांशांना ते ठाऊकच नव्हतं. याच गोव्यात, वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत, आज ‘थायरोनॉर्म’ बनते. तिच्या १२.५ पासून १५० पर्यंतच्या, ६२.५, ८८, ११२, १३७ अशा विचित्र वाटणाऱ्या आकड्यांच्या गोळ्या टीएसएचच्या काळाचीच देणगी आहेत. मेंढीची अर्धी ग्रंथी परतून खायच्या काळात असा आकडा कोणी मागितलाही नसता.

डोस बरोबर आणि तरी लक्षणं, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा स्वयंपाकघरात सापडतं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, सोयाबीन, आम्लपित्तावरच्या काही गोळ्या त्याचा शिरकाव रोखतात. इटलीतल्या डॉक्टरांनी कॉफीही दोषी ठरवली. भारतात १५ ते ४९ वयाच्या सत्तावन्न टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदलं आहे. म्हणजे जिला थायरॉइडची गोळी आहे तिलाच बहुधा लोहाचीही आहे. दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच गिळल्या गेल्या की थायरॉइडची काही अंशी वाया जाते, टीएसएच चढतं आणि डोस वाढवला जातो. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर तो वाढवावाच लागला नसता. सकाळ धावपळीची असेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना गोळी घेणंही चालतं. नेदरलँड्समध्ये नव्वद जणांवर केलेल्या अभ्यासात रात्रीची गोळी थोडी सरसच ठरली. थायरॉक्सिन शरीरात आठवडाभराने निम्मं उरतं, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय टीएसएच खरं बोलत नाही. आठ दिवसांत रक्त तपासून निराश होणं किंवा पुन्हा डोस बदलणं म्हणजे स्वतःची फसगत.

थकव्याची दुसरी कारणंही शोधली पाहिजेत. रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, मधुमेह, घोरण्यासोबत तुटणारी झोप, पाळी जाण्याचा काळ आणि नैराश्य ही सगळी कारणं थायरॉइडच्या मागे लपू शकतात. पोटाचे आजार शोषण बिघडवतात. गर्भारपणात तर डोस खरोखरच वाढवावा लागतो, आणि तो पहिल्या काही आठवड्यांतच.

म्हणून ज्यांची लक्षणं हटत नाहीत त्यांनी गोळी स्वतःहून वाढवू नये आणि सोडूही नये. गोळी किती वाजता घेतो, तिच्या आधी-नंतर काय खातो-पितो, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, किती दिवस चुकतात, मधल्या काळात कंपनी बदलली का, हे सगळं एका कागदावर लिहून टीएसएचच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांपुढे ठेवावं. डॉक्टरांनीही दोन्ही कागद वाचावेत.